खांबेट्यांचे घारे डोळे

खांबेटे घराण्याकडे जमीनजुमला नव्हता, आणि पोवाडा रचावा असा पराक्रमही कुणी केलेला नव्हता. डोळे तेवढे होते. घारे डोळे. विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचलं म्हणजे पाण्याला जो रंग येतो, धड हिरवा नाही, धड करडा नाही, तो रंग या घरात पिढ्यानपिढ्या मुक्कामाला होता. पंढरीनाथ खांबेटे रेल्वेत पुलांचे इंजिनियर म्हणून लखनौला आले, इथेच निवृत्त झाले आणि महानगर नावाच्या वस्तीत घर करून राहिले. पण दाढी करताना आरशात पाहिलं की आपण अजून गुहागरचेच आहोत, अशी त्यांची रोज सकाळी खात्री पटत असे.

मुलं मात्र दोन्ही तपकिरी डोळ्यांची निघाली. अनीश तपकिरी, स्वरदा तपकिरी. "आईवर गेली," असं पंढरीनाथ पाहुण्यांना सांगत, आणि सांगताना आवाज असा लावत, की हेमाताईंना उगाचच चहा टाकायला आत जावंसं वाटे.

नात जन्मली ती तिच्या आजोळी. अनीशची बायको हिमानी लखनौचीच. तिचे वडील रस्तोगीजी. अमीनाबादेत चिकनकारीच्या कपड्यांचं दुकान आणि दुकानाच्या माडीवर घर. सहाव्या दिवशी त्यांच्याकडे छठी होती. रिक्षा गर्दीत रुतली तसे पंढरीनाथ खाली उतरले, हेमाताईंना मागे टाकून तरातरा जिना चढले आणि पाळण्यावर वाकले. बाळाने जांभई दिली, मूठ गालावर घासली, आणि सावकाश डोळे उघडले.

"आले!" पंढरीनाथ ओरडले. नव्या पुलावरून पहिली गाडी सुखरूप पार झाली म्हणजे ते असे ओरडत. "हेमा, आले बघ! घारे!"

त्यांनी चष्मा काढला, आपला चेहरा बाळाच्या चेहऱ्याशेजारी नेला आणि जमलेल्या मंडळींना एकदा इकडे, एकदा तिकडे बोट करून दाखवलं. "देखिए. सेम टू सेम!"

रस्तोगीजी हात जोडून पुढे आले. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तराचा मंद वास, आणि आवाज असा, की तक्रार करणाऱ्यालाच आपण काही चुकीचं बोललो की काय असं वाटावं. "मुबारक हो, भाई साहब," ते म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच डोळ्यांना रुमाल लावला. "हम तो देखते ही रो पड़े थे. बिल्कुल हमारी अम्मा की आँखें हैं. अम्मा की भी ऐसी ही कंजी आँखें थीं."

पंढरीनाथांचं दाखवणारं बोट हवेतच राहिलं. अम्मा? कुठली अम्मा? या अम्मांचं नावसुद्धा लग्नाच्या बैठकीत निघालं नव्हतं. साखरपुड्यात नव्हतं, रिसेप्शनमध्ये नव्हतं. आणि आता, ऐन वेळी, मधल्याच स्टेशनवर ही बाई गाडीत चढून खिडकीची जागा मागत होती!

भांडावं तर रस्तोगीजींशी भांडता येत नसे. तुम्ही आवाज चढवला की ते तक्क्या पुढे सरकवत. तुम्ही चिडलात की ते लिंबाची थंडगार शिकंजी मागवत. पंढरीनाथांनी नातीला उचललं. ती इंजिनाच्या शिट्टीसारखी किंचाळली. रस्तोगीजींनी तिला नुसतं खांद्यावर टाकलं, कानाशी काही गुणगुणले, आणि ती गप्प. नुसती गप्प नाही, तर त्या कुर्त्यावरच्या जाळीच्या कशिद्यात बोट घालून झोपली. पंढरीनाथांनी आपल्या टेरिकॉटच्या शर्टाकडे पाहिलं. त्याला एकही भोक नव्हतं.

घरी येईतो त्यांना ताप आल्यासारखं झालं. शेजारचे बाबुराव नागपूरचे. कुणाच्या घरी काही बिघडलं की ते स्वेटर घालून तयारच असत, उन्हाळ्यातसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाप्पा! अन् तुम्ही चूप बसले?"

"मग काय करू? अम्मांना पुरावा मागू?"

"नाही पण आज डोळे गेले, तर उद्या नाक जाईन. परवा म्हणतीन रंग आमचा. मंग तुमच्याकडे काय राहीन, खांबेटे? आडनाव! तेही पोरगी आजकाल बदलवते किंवा नाही बदलवत. तुम्ही रेकॉर्डवर आणा. सरकारी रेकॉर्डवर."

हेमाताई म्हणाल्या, "अहो, पोर गुटगुटीत आहे, दूध पिते आहे, एवढं पुरे नाही का?" पण मत्सराला दूध पिणारं पोर दिसत नाही. त्याला फक्त पोर ज्यावर निजलं तो खांदा दिसतो, आणि तो कुणाचा आहे ते दिसतं.

जन्मनोंदणीच्या खिडकीवरचा बाबू तरुण होता आणि फार सभ्य होता. पंढरीनाथांनी अर्ज पुढे केला. नातीच्या दाखल्यावर डोळ्यांचा रंग लिहून मिळावा, शक्य झाल्यास कंसात 'पैतृक' असं लिहावं.

"बाऊजी, नाम का कॉलम है. बाप का है, माँ का है, पता है. आँख का नहीं है."

"रिमार्क में लिख दीजिए."

"लिख दें, और कल को रंग बदल गया तो? सुधार के लिए बिटिया को गोद में लेकर कौन दौड़ेगा?" बाबूने अर्ज उलटून पाहिला. "और इसमें दूसरे पक्ष की सहमति भी नहीं लगी है."

"दूसरा पक्ष कोई नहीं है," पंढरीनाथ ताठ होऊन म्हणाले.

बाबूने टोपण पेनला लावलं. "बाऊजी, बच्चे में दूसरा पक्ष न हो, ऐसा तो हमने आज तक दर्ज नहीं किया."

मागच्या रांगेतली मंडळी हसली. पंढरीनाथांनी अर्ज घडी करून खिशात घातला आणि आपण हसण्याच्या पलीकडले आहोत अशा चालीने बाहेर आले. चालताना चप्पल निघाली, त्यामुळे ती चाल शेवटपर्यंत टिकली नाही.

स्वरदा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहत होती आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होती. शास्त्र आपल्या बाजूने साक्ष देणार याविषयी पंढरीनाथांना शंका नव्हती. शास्त्र आणि रेल्वे, दोन्ही वेळापत्रकाने चालतात. रविवारी ती आली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद आणि पट्टी ठेवली.

"बाबा, प्रत्येक गुणाच्या अशा दोन चिठ्ठ्या असतात असं समजा. आईकडून एक, वडिलांकडून एक. आपल्या दोनांतली कुठलीही एक आपण मुलाला देतो."

"म्हणजे सिंगल लाइनचं टोकन. ड्रायव्हरला ते मिळाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही."

"चालेल, टोकन. आता तपकिरी रंग म्हणजे सुपरफास्ट आणि घारा म्हणजे पॅसेंजर. दोन्ही टोकनं एकाच स्टेशनात आली की काय होतं?"

"पॅसेंजर लूप लाइनवर घेतात. सुपरफास्ट पुढे काढतात."

"हां. पण पॅसेंजर रद्द होते का?"

"छे! रद्द कशी होईल? थांबते बिचारी."

"तसंच दादाचं झालं. त्याला आईची सुपरफास्ट मिळाली आणि तुमची पॅसेंजर. डोळे दिसतात तपकिरी, पण तुमची गाडी आत उभी आहे."

पंढरीनाथांनी कागदावरची पट्टी उगाचच सरळ केली. तीस वर्षं आपली गाडी पोराच्या डोळ्यांमागे लूप लाइनवर उभी होती, कुणाला न दिसता, दिवे लावून. आणि आपण समजत होतो, ती निघालीच नाही. त्यांनी नाक शिंकरलं. "आणि आता तिला सिग्नल मिळाला! नातीत! मग झालं तर, डोळे आमचेच."

"पूर्ण ऐका. घारे डोळे दिसायला दोन्ही टोकनं पॅसेंजरची लागतात. एक दादाने दिलं. दुसरं हिमानीकडूनच यायला हवं."

पंढरीनाथांचा रुमाल नाकापाशीच थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे रस्तोगीकाकांच्या अम्मांची पॅसेंजर. तीही लूप लाइनवरच होती, काकांच्यात, मग हिमानीत. दोघी मिळून आल्या. एकटी तुमची असती तर बाळाचे डोळे तपकिरीच झाले असते." स्वरदा कागदाची घडी करत म्हणाली, "खरं तर हे इतकं सरळ नसतं, डोळ्यांच्या रंगात पुष्कळ जीन्स असतात. आणि बाबा, तान्ह्या बाळाचा रंग पक्का नसतो हं. सहा महिने, कधी वर्षसुद्धा लागतं."

हे शेवटचं वाक्य पंढरीनाथांनी ऐकलं नाही. अम्मांच्या नावापाशीच त्यांचे कान बंद झाले होते.

पण काही झालं तरी माणूस इंजिनियर होता. चुकीचा नकाशा भिंतीवर लावणं त्याच्या रक्तात नव्हतं. बारशाला पाळण्यामागे भला मोठा फ्लेक्स लावायचा, त्यावर खांबेट्यांच्या डोळ्यांचा वंशवृक्ष, वरती पणजोबा, खाली नात, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आता त्यात दुसरी फांदी काढणं भाग होतं. त्यांनी ती काढली. पण बारीक काढली, आणि पेन्सिलीने.

पहिली अडचण अशी, की खांबेट्यांचे सगळे पूर्वज काळ्यापांढऱ्या फोटोंत होते. काळ्यापांढऱ्या फोटोत घारे डोळे आणि मोतीबिंदू यांत फरक दिसत नाही. पणजोबा पाहून बाबुराव म्हणाले, "यायचं ऑपरेशन राह्यलं होतं काय?" तेव्हा पंढरीनाथ फोटोंची चळत घेऊन कपूरथळा बाजारातल्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या भैय्याने संगणकावर पणजोबा मोठे केले.

"आँखें कौन-से कलर में चाहिए, अंकल?"

"घारी. मतलब... कंजी," पंढरीनाथांनी नाइलाजाने तो शब्द उच्चारला.

"समझ गए. आप निश्चिंत रहिए."

ते निश्चिंत राहिले, हीच चूक झाली.

दरम्यान अम्मांचा फोटो आणायला अमीनाबादला जावं लागलं. फोटो मागायला जाणं म्हणजे शत्रूच्या किल्ल्यात जाऊन त्याचीच तोफ उसनी मागणं. पंढरीनाथांनी जिन्यात तीनदा वाक्य जुळवलं. पण वर पोचताच रस्तोगीजींनी त्यांना लोडाशी बसवलं, पुढे गुलाबी मलाईची तबकडी ठेवली, आणि वाक्य विरघळून गेलं. फोटो आला. हाताने रंगवलेला, जुन्या काळचा. डोक्यावरून पदर, नाकात मोठी चमकी, आणि डोळे... पंढरीनाथांनी चष्मा पुसून पाहिलं. विहिरीच्या तळाशी पोचलेलं ऊन. गुहागरचं असावं तसं.

"क्या कहें, भाई साहब," रस्तोगीजी हळूच म्हणाले. "हमें तो लगता है, अम्मा आप ही के ख़ानदान की रही होंगी. रास्ता भूलकर इधर आ गईं."

आता या माणसावर कसं रागवावं? कुणी आपली तलवार हिसकावून घेतली तर ओरडता येतं. हा मनुष्य आपली तलवार आपल्याच कमरेला बांधून देत होता. आणि हे बोलताना नात त्याच्या खांद्यावर, बोट जाळीत घालून, निवांत! पंढरीनाथांनी जाताना अगदी सहज विचारलं, "ये कुर्ता... मेरे नाप का मिलेगा?" रस्तोगीजींनी तेवढ्यात बांधूनही दिला. तो कुर्ता घालून त्यांनी नातीला घेतलं. ती आधी किंचाळली, मग तिने कुर्ता ओळखला, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि फसवणूक झालेल्या माणसासारखी दुप्पट किंचाळली.

सवा महिना झाला, हिमानी बाळाला घेऊन महानगरला आली आणि बारसं ठरलं. "सगळं आमच्या पद्धतीने," पंढरीनाथांनी जाहीर केलं. "इसमें कोई कॉम्प्रोमाइज़ नहीं." अनीश म्हणाला, "बाबा, टेंशन मत लो यार." रस्तोगीजी म्हणाले, "बिल्कुल, भाई साहब, बच्ची आपकी है." या 'आपकी' ने पंढरीनाथांना रात्रभर कूस बदलायला लावली. एवढ्या सहज कुणी देतं का? ज्याच्याजवळ मुबलक असतं तोच देतो.

फ्लेक्स बारशाच्या सकाळी आला. चौघांनी मिळून तो पाळण्यामागे ताणला आणि चौघेही दोन पावलं मागे सरले.

भैय्याने मन लावून काम केलं होतं. पणजोबा, खापरपणजोबा, काकू, आत्या, सगळ्यांचे डोळे पोपटी झाले होते. साधे पोपटी नाहीत. आतून दिवा लागल्यासारखे. ज्यांचे डोळे मुळात काळेभोर होते अशा दोन जावईबुवांचेही पोपटी. मुंजीच्या फोटोत कडेला एक गाय उभी होती, तिचेही पोपटी. अम्मांचा फोटो रंगीतच होता म्हणून भैय्याने त्याला हात लावला नव्हता, आणि त्या सगळ्या हिरव्या भुतावळीत एकट्या अम्माच तेवढ्या माणसासारख्या, शांत, समजूतदार दिसत होत्या.

"वा!" बाबुराव म्हणाले. "गायीचंही खांबेटे घराणंच काय?"

बायका जमल्या. स्वरदाने बाळाला पाळण्यात घातलं, कानात 'आर्या' हे नाव सांगितलं, पाठीवर थापट्या पडल्या. आर्याने वर पाहिलं. समोर सगळं कुळ पोपटी डोळ्यांनी तिच्याकडे टक लावून बघत होतं. तिने जो टाहो फोडला, त्याने समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. हेमाताईंनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, त्यांनी स्वतःच रात्री रचलेला:

पाळण्यात निजे, माझी सायीची बाहुली
पणजोबांच्या डोळ्यांची, तिच्या डोळ्यांत सावली

पण ही सावली भिंतीवर उभी असताना गाणं कोण ऐकणार? शेवटी फ्लेक्स उलटा, भिंतीकडे तोंड करून लावावा लागला, खोड्या केलेल्या पोराला मास्तर उभं करतात तसा. रस्तोगीजींनी आर्याला खांद्यावर घेतलं. ती गप्प. जमलेल्या बायका म्हणाल्या, "कित्ती लळा आहे नाही नानांचा!" पंढरीनाथ स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी घुगऱ्यांचं पातेलं विनाकारण एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर ठेवलं.

दिवाळी गेली. लखनौची थंडी पडली. धुकं इतकं, की महानगरातून महानगर दिसेना. पुढे जानेवारीत एके दिवशी ऊन पडलं आणि पंढरीनाथ आर्याला घेऊन गच्चीवर गेले. तेल चोळलेलं, लोकरीत गुंडाळलेलं, दाण्याच्या लाडवासारखं पोर. ती आता त्यांच्याकडे रडायची नाही. फक्त जरा संशयाने पाहायची. तिने उन्हाकडे मान वळवली. पंढरीनाथांनी पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा पाहिलं.

बुबुळाच्या कडेने तपकिरी उतरत होतं. चहात दूध टाकावं त्याच्या उलट. दुधात चहा टाकल्यासारखं.

सुपरफास्ट आली होती.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे टोपरं खाली ओढलं. त्या दिवसापासून आर्याचं टोपरं भुवईच्या वर गेलं नाही. पाहुणे आले की ती झोपलेली असे. जागी असली तर दिवा बंद असे. "डोळ्यांना उजेड लागतो तिच्या," असं पंढरीनाथ सांगत. हेमाताई त्यांच्याकडे बघत राहत. स्वरदाला त्यांनी फोन केला तोही गच्चीवरून, तोंडावर हात धरून.

"मी सांगितलं होतं बाबा. दोन पॅसेंजर नव्हत्याच एकत्र. जन्मतः रंग तयार झालेला नसतो, एवढंच."

"ते असू दे. पण मग आता तिच्यात आमचं काय उरलं?"

"पाव हिस्सा. आजीआजोबा चार. प्रत्येकाचा साधारण पाव."

"साधारण म्हणजे?"

"आईवडिलांकडून बरोबर अर्धंअर्धं येतं. पण आजोबांकडून थोडं कमी-जास्त होतं. कुणाचं तेवीस टक्के, कुणाचं सत्तावीस."

पंढरीनाथांनी तोंडावरचा हात काढला. "म्हणजे रस्तोगींचे सत्तावीस असू शकतात? आणि माझे तेवीस?"

"बाबा, तुमचे कमी झाले तर ते आईकडे जातात. रस्तोगीकाकांकडे कसे जातील? दादाच्या अर्ध्यातले वाटेकरी तुम्ही आणि आई."

हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. या साऱ्या लढाईत हेमाताईंचाही काही हिस्सा असेल, हे त्यांना आजवर सुचलंच नव्हतं. "हेमा सत्तावीस?" ते पुटपुटले. त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोकडे किंचित शत्रुत्वाने पाहिलं.

खरी पंचाईत रस्तोगीजी आले की व्हायची. पण एक गोष्ट चमत्कारिक होती. ते येत, नातीला घेत, आणि घेताक्षणी स्वतःच तिचं टोपरं आणखी खाली ओढत. पंढरीनाथ पडदा लावायला उठले की रस्तोगीजी म्हणत, "रहने दीजिए, हम लगाते हैं." एकदा दिवे गेले तेव्हा दोघांनीही एकाच वेळी सुटकेचा निःश्वास सोडला. हिमानी एकदा वैतागून म्हणाली, "पापा, बाबा, आप दोनों मेरी बेटी को देखने आते हो या छुपाने?"

मार्च संपत आला आणि उष्टावणाचा दिवस उजाडला. आर्या सातव्या महिन्यात होती. चांदीची वाटी, चांदीचा चमचा, वाटीत तांदळाची खीर. पंढरीनाथ सकाळपासून नवा कुर्ता घालून येरझारा घालत होते. पहिला घास. डोळे गेले, नाकाचं काही खरं नाही, खांदा तर पहिल्यापासूनच परका. पण पहिला घास ज्याच्या हातचा, त्याची चव पोराच्या जिभेवर कुठेतरी राहतेच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नव्हतं; त्यांनी आदल्या रात्री स्वतः शोधलं होतं.

"अहो, पण आपल्यात मामा भरवतो," हेमाताई म्हणाल्या.

"हिमानीला भाऊ नाही."

"मग आईचे वडील. तुम्हीच म्हणालात ना, सगळं आमच्या पद्धतीने?"

पंढरीनाथांनी छताकडे पाहिलं. आमची पद्धत! ज्या पद्धतीसाठी ते सहा महिने छाती पुढे काढून हिंडत होते, तीच चमचा घेऊन रस्तोगीजींच्या पंगतीला जाऊन बसली होती. आणि रस्तोगीजी? त्यांनी चमचा उचलला आणि दोन्ही हातांनी पंढरीनाथांपुढे धरला.

"नहीं, भाई साहब. हमारे यहाँ तो दादा खिलाते हैं. आप ही खिलाइए."

मोह मोठा होता. घर त्यांचं, नात त्यांची, आणि देणारा स्वतःहून देत होता. पंढरीनाथांची बोटं चमच्याला लागली. बाबुराव मान हलवून 'घ्या, घ्या' अशा खुणा करत होते. आर्या हिमानीच्या मांडीवर बसून वाटीकडे झेपावत होती, हेमाताई मागे उभ्या होत्या, आणि झेपावता झेपावता तिने डोक्यावरचं टोपरं ओढून फेकून दिलं.

खिडकीतून चैताचं ऊन येत होतं. दोन तपकिरी डोळे सगळ्यांसमोर उघडे पडले.

पंढरीनाथांनी चटकन टोपरं उचललं. "वो... रोशनी में ऐसा दिखता है," ते म्हणाले.

रस्तोगीजींनी हलकेच त्यांच्या हातावर हात ठेवला. "भाई साहब, हमें तो पूस की ठंड से मालूम है. आपका दिल दुखेगा, इसलिए टोपी खींचते रहे." मग ते आर्यापुढे गुडघे टेकून बसले, थोडे मागे झाले, पारख करताना ताग्यावरची वीण बघतात तसे बघत राहिले, एकदा खाली, एकदा वर. "सच कहें? न आप पर, न हमारी अम्मा पर. ये तो समधिन जी की आँखें हैं. वही शहद का रंग, और देखिए, किनारे पर वही काली डोरी. हम तो शादी के दिन से कहते हैं, ऐसी आँखें लखनऊ में दूसरी नहीं."

हेमाताई लाजल्या. चक्क लाजल्या. साठी उलटलेली बाई पदर सावरून म्हणाली, "काहीतरीच तुमचं, भाई साहब," आणि पुन्हा वर पाहिलं.

तेव्हा पंढरीनाथांनी पाहिलं. मध. मधाच्या कडेने बारीक काळी रेघ, काजळ न घालता काजळ घातल्यासारखी. रोज चहाचा कप पुढे करणारे, चष्मा कुठे ठेवलाय ते सांगणारे, पाहुण्यांसमोरून उठून आत जाणारे हे डोळे. ते आपल्या घरात राहत होते. आणि ते पहिल्यांदा कुणी पाहिले? अमीनाबादच्या या माणसाने. लग्नाच्या दिवसापासून! शादी के दिन से! आणि अजून बघतोच आहे!

पंढरीनाथांच्या पोटात जे भडकलं, त्यापुढे सहा महिन्यांचा सगळा मत्सर म्हणजे अगरबत्ती होती.

"समधी साहब," ते एकदम म्हणाले, आणि त्यांनी चमचा, वाटी, दोन्ही रस्तोगीजींच्या हातात कोंबली. "आप ही खिलाइए. हमारे यहाँ यही रिवाज है."

"अरे, पर..."

"खिलाइए ना! दोनों हाथों से पकड़िए. नीचे देखिए, नीचे. गिर जाएगी."

चमचा हातात आला की माणसाला चमच्याकडेच बघावं लागतं. रस्तोगीजी वाकून, जपून, पहिला घास आर्याच्या ओठांशी नेऊ लागले. बायकांनी पाळण्याचंच गाणं धरलं. हेमाताईंनी आज त्याला नवं कडवं जोडलं होतं:

नाक गं कुणाचं, कपाळ कुणाचं
उरलेलं सारं, तिचं तिच्या मनाचं

आर्याने खीर तोंडात घेतली, विचारात पडली, आणि हसली की थुंकली यावर पुढे कितीतरी दिवस घरात वाद झाला. पंढरीनाथांना त्या वादात बोलता आलं नाही. त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. ते रस्तोगीजी आणि हेमाताई यांच्या मधोमध उभे होते, व्याह्यांकडे पाठ करून, दोन्ही हात कमरेवर, नव्या कुर्त्याचा घेर पसरून.

"असे काय मधे उभे? सरका ना," हेमाताई मान उंचावत म्हणाल्या. "पोर दिसत नाही मला."

"दिसेल," पंढरीनाथ म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत तिथेच उभे राहिले.